साठ रुपयाची गोळी

बाबांची औषधं हा आमच्या घरखर्चातला वेगळाच कप्पा आहे, शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल सगळं आहे, त्यात 2023 मध्ये डॉक्टरांनी एम्पाग्लिफ्लोझिन नावाची शुगरची गोळी चालू केली आणि ती एकटीच साठेक रुपयाला एक, म्हणजे महिन्याला अठराशे, ते पण पेन्शनमधून. मेडिक्लेम आहे हो, पण तो ॲडमिट झालात तर, रोजच्या गोळ्यांना कोण विचारतंय. शेजारच्या काकू तर हीच गोळी एक दिवसाआड घ्यायच्या, आणि वर "डॉक्टरांना सांगू नकोस हां".

मग मार्च 2025 मध्ये या गोळीचं पेटंट संपलं आणि धडाधड कंपन्यांनी तेच औषध काढलं, 10 एमजीची गोळी साडेपाच रुपयांपासून! पेटंटचं एक वेळ समजू शकतो, संशोधनाला पैसा लागतो वगैरे. पण भाव पडल्यावरही बाबांच्या चिठ्ठीवर जुनाच महागडा ब्रँड येत राहिला त्याचं काय? मेडिकलवाल्याला म्हटलं दुसऱ्या कंपनीची द्या, तर म्हणे लिहिलंय तेच द्यावं लागतं, मला बदलता येत नाही. खोटं नव्हता बोलत, नियमच तसा आहे. म्हणजे ब्रँड ठरवणार डॉक्टर, पैसे भरणार आपण. कोथिंबिरीच्या जुडीसाठी घासाघीस करणारे आमचे बाबा मेडिकलच्या काउंटरवर एकदम गप्प.

डॉक्टरांनी ब्रँड नाही तर जेनेरिक, म्हणजे औषधाचं मूळ नावच लिहायचं असा नियम ऑगस्ट 2023 मध्ये आला होता, डॉक्टरांच्या संघटनांनी विरोध केला आणि त्याच महिन्यात तो स्थगित पण झाला. क्वालिटीची खात्री कोण देणार हा त्यांचा मुद्दा अगदीच चूक नाहीये. पण मग ब्रँडच लिहायचा तर त्यातल्या त्यात स्वस्त आणि चांगल्या कंपनीचा लिहा ना.

शेवटी मीच विचारलं, सर यातलं कमी किमतीचं लिहाल का? लगेच लिहून दिलं, एक प्रश्न नाही. मला तर रागच आला, एवढं सोपं होतं तर! बाबांना मात्र आठवडाभर पटेना, स्वस्त म्हणजे डुप्लिकेटच असणार. बीपीची गोळी आता जनऔषधीतून, म्हणजे सरकारी योजनेच्या स्वस्त औषधांच्या दुकानातून आणतो, तिथे कधी स्टॉक असतो कधी नसतो.

हल्ली चिठ्ठी हातात आली की केबिनमध्येच एकेका औषधाचा भाव विचारतो. बाहेर पेशंट ताटकळतात, बाबा हळूच शर्ट ओढतात, चल म्हणून. मी काही हलत नाही.