अठ्ठ्यांची जोडी कधी पॅक करावी?

लिमिट होल्डेम या पोकरच्या प्रकारात हातातल्या दोन पानांत दोन्ही अठ्ठ्या आल्या की आपल्याकडच्या बहुतेक खेळाडूंना त्या सोडवत नाहीत, आणि माझ्या मते त्याचे मूळ दिवाळीतल्या तीन पत्तीत आहे. तीन पत्तीत साधारण ७४ टक्के हातांत साधी जोडीसुद्धा नसते, त्यामुळे तिथे अठ्ठ्यांची जोडी हा ताठ मानेने खेळण्याचा हात ठरतो. होल्डेममध्ये मात्र टेबलावर पाच सामाईक पाने उघडतात आणि समोरच्याची जोडी त्यांतून केव्हाही जमू शकते. हातात अठ्ठ्या असताना फ्लॉपच्या, म्हणजे सर्वांत आधी उघडणाऱ्या, तीन सामाईक पानांत नव्वीपासून एक्क्यापर्यंतचे किमान एक पान येण्याची शक्यता जवळजवळ ८७ टक्के आहे, तर तिसरी अठ्ठी लागण्याची जेमतेम १२ टक्के.

नो-लिमिटमध्ये, म्हणजे बोलीला मर्यादा नसलेल्या प्रकारात, ती तिसरी अठ्ठी लागली तर समोरच्याच्या सगळ्या चिप्स मिळू शकतात, म्हणून तिची वाट पाहणे परवडते. लिमिटमध्ये बोली ठरलेली असते: १०-२०च्या टेबलावर पहिल्या दोन फेऱ्यांत १० आणि टर्न व रिव्हरला (चौथे व पाचवे सामाईक पान उघडल्यावर) २०. त्यामुळे जिंकले तरी मिळकत मर्यादितच राहते. पाच-सहा जण एकाच बोलीत आत आले असतील तर अठ्ठ्या खुशाल खेळाव्यात. पण आपल्याआधी एकाने वाढवले आणि दुसऱ्याने त्यावर पुन्हा वाढवले असेल, तर फ्लॉप न पाहताच पॅक करावे; त्यात फारसा विचार करण्यासारखे काही नाही.

खरी अडचण फ्लॉपनंतर येते. गंगापूर रोडवरच्या एका मित्राच्या गच्चीवर आम्ही रविवारी बसतो. (चिप्स प्लास्टिकच्या, पैसे नाहीत. २०२५च्या केंद्रीय कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आल्यापासून गच्चीवरची गर्दी थोडी वाढली आहे.) आमच्यात एक निवृत्त बँक अधिकारी काका आहेत. ते पहिल्या जागेवरून वाढवतात तेव्हा चहाचा कप बाजूला सारतात, पानांवर एक चिप ठेवतात आणि नंतर पानांकडे पुन्हा पाहत नाहीत. अशा वेळी त्यांच्याकडे नव्व्यांच्या किंवा त्याहून मोठ्या जोड्या, एक्का-राजा, एक्का-राणी, एक्का-गुलाम किंवा राजा-राणी यांखेरीज काही असल्याचे मला आठवत नाही.

समजा, काकांनी २० केले, मी अठ्ठ्यांवर तेवढेच भरले आणि बिग ब्लाइंडही, म्हणजे पाने पाहण्याआधीच सक्तीने १० भरणारा खेळाडूही, आत आला. पॅक झालेल्या स्मॉल ब्लाइंडने तसेच आधी भरलेले ५ धरून मधे ६५ जमले. फ्लॉपला राणी, गुलाम, पंजी आली. ब्लाइंडने चेक केले, म्हणजे काही न टाकता पाळी पुढे दिली, आणि काकांनी १० टाकले. आता शेजारून हमखास सल्ला येतो, “राहू दे रे, दहाच तर आहेत!” पण दहावर हे थांबत नाही. काका शेवटपर्यंत टाकत राहिले तर मला १०, २० आणि २० असे ५० भरावे लागतील आणि ब्लाइंड बाहेर पडला असे धरले तरी मिळतील ११५. म्हणजे किमान ३० टक्के वेळा तरी जिंकायला हवे. शिवाय ब्लाइंडची पाळी अजून माझ्यामागे आहे आणि तो वाढवू शकतो, हे वेगळेच.

काकांच्या शक्य हातांच्या पानांच्या जुळण्या मोजल्या तर या फ्लॉपवर त्या ८२ भरतात. त्यांपैकी माझ्या अठ्ठ्यांपेक्षा कमकुवत केवळ १६, त्याही सगळ्या एक्का-राजाच्या. त्या १६ मध्येही एक्का, राजा किंवा (पाच सलग पाने जुळवणारी) दश्शी येऊन काका पुढे जाण्याची शक्यता दोन पानांत मिळून सुमारे ४० टक्के आहे. माझी तिसरी अठ्ठी उरलेल्या दोन पानांत येण्याची शक्यता साडेआठ टक्क्यांच्याही किंचित खाली. सगळे धरूनही बेरीज वीस टक्क्यांच्या आतच राहते, म्हणून अठ्ठ्या तिथेच ठेवून द्याव्यात. टर्नचे पान पाहून मग ठरवू, असे म्हणणारा माणूस पुढच्या फेरीत दुप्पट बोलीसमोर त्याच जोडीकडे त्याच आशेने पाहत बसतो.

याच अठ्ठ्या बिग ब्लाइंडमध्ये असताना शेवटच्या जागेवरच्या खेळाडूने, बाकी सगळे पॅक झालेले पाहून, वाढवले असेल तर मात्र माझे मत बदलते. फ्लॉपला राजा, सत्ती, दुर्री आली आणि त्याने १० टाकले, तर मधे ५५ होतात. शेवटपर्यंतचे ५० भरून ९५ मिळायचे असल्याने गरज साडेचौतीस टक्क्यांची, म्हणजे काकांच्या वेळेपेक्षा जास्त. तरीही मी पॅक करत नाही, कारण त्या जागेवरून तरुण मंडळी एक्का-पंजीपासून गुलाम-दश्शीपर्यंत काहीही घेऊन वाढवतात आणि राजा त्यांच्यापैकी थोड्यांकडेच असतो.

दोनच खेळाडूंचा लिमिट होल्डेम अल्बर्टा विद्यापीठाच्या सेफियस या प्रोग्रामने जवळजवळ पूर्ण सोडवल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले. सहा जणांच्या टेबलावर मात्र आपल्याला बोली कोणी आणि कोणत्या जागेवरून लावली, हेच आधी पाहावे लागते. शेवटच्या जागेवरच्या मुलाने टर्नलाही २० टाकले तर मी भरतो. काकांनी चेक करून माझ्यावर वाढवले, तर राजा पडलेला असो वा नसो, अठ्ठ्या पॅक.