उतारा

डिसेंबर 2021 मध्ये बंगळुरात शिवरायांच्या पुतळ्याची विटंबना झाल्याचं कळलं आणि त्याच रात्री बेळगावात लोक संभाजी चौकात जमले. मग अनगोळात कित्तूरचे क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा यांच्या पुतळ्याची मोडतोड, जमावबंदी आणि धरपकड. मराठी पोरं हिंडलग्याच्या जेलात गेली. त्यांतल्या एकाचं वकीलपत्र माझ्याकडं होतं. पोरगा खानापूर तालुक्यातला.

जामीन मंजूर झाला तेव्हा त्याची आई कोर्टाच्या व्हरांड्यात होती. मी सांगायच्या आधीच तिनं पदराच्या गाठीतून घडी केलेला कागद काढला. ‘वकीलबाई, काय लिवलंय ओ ह्यात?’ अटकेच्या दिवशी घरी दिलेली नोटीस होती ती, कानडीत. इतके दिवस ती गाठीत घेऊन फिरत होती. बेकायदेशीर जमाव, दंगल, सरकारी कामात अडथळा. एकेक कलम मी तिला मराठीत समजावलं. ‘फाशीचं न्हाई न्हवं?’ एवढंच तिनं विचारलं. मला काही क्षण बोलता आलं नाही. हे तिला पहिल्याच दिवशी कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि त्या कुणीतरीत मीही येते.

जामीन मिळाला म्हणजे माणूस सुटला, असं घरच्यांना वाटतं. खरी धावपळ तिथून पुढं. जामीनदार लागतो आणि आमच्याकडं जामीनदार म्हणजे जमिनीचा उतारा. मामा उतारा घेऊन आला, पण खातं अजून आजोबांच्या नावावर, वारसा चढवलेलाच नाही. दुसऱ्या पाहुण्याच्या उताऱ्यावर अकरा नंबरच्या रकान्यात सोसायटीचं कर्ज. लाखाचा बाँड, त्यावर कोर्ट प्रश्न विचारणारच. जेवणाची सुट्टी संपत आली होती.

तेवढ्यात भाऊबंद आला. या घराशी त्याचं बांधावरून दिवाणी कोर्टात भांडण चालू, दोन्ही घरांत बोलणं नाही. कोरा उतारा, घरपट्टीची पावती, आधार, दोन फोटो, सगळं पिशवीत नीट लावून आणलेलं. आईकडं न बघता मला म्हणाला, ‘जामीन येगळा आन् बांध येगळा. केस काही मी मागं घेणार न्हाई, आधीच सांगून ठेवतो.’ न्यायाधीशांनी विचारलं, पोरगा तारखेला आला नाही तर पैसे भरावे लागतील, ठाऊक आहे का? तो म्हणाला, ‘व्हय साहेब, येतंय की तो.’

सुटकेचा हुकूम घेऊन आम्ही हिंडलग्याला पोचलो तेव्हा दिवस कलला होता. वाटेत 1986 च्या कन्नड सक्तीविरोधी आंदोलनातल्या हुतात्म्यांचं स्मारक दिसताच आईनं रिक्षातूनच हात जोडले. जेलच्या खिडकीत कागद गेला आणि परत आला. रिमांड वॉरंटवर नाव ‘जो’नं सुरू, हुकुमात ‘ज्यो’नं. अर्ज मी टाइप केला होता, चूक माझी. कैद्यांना बराकीत बंद करायची वेळ झाली होती. एका जोडाक्षरापायी पोरगा आणखी एक रात्र आत राहिला.

आजही मी प्रत्येक अर्जातलं नाव वॉरंटच्या झेरॉक्सवर बोट ठेवून ताडून बघते. पुढं 31 जानेवारी 2023 ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, जामिनाचा आदेश त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलनं तुरुंगाकडं जावा आणि सात दिवसांत कैदी सुटला नाही तर अधीक्षकानं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं. यानं कागदाचा प्रवास वाचतो. उताऱ्याची अडचण मात्र अजून तशीच आहे, आणि ज्याच्याकडं जमीनच नाही त्यानं काय करायचं, हा प्रश्न मी प्रत्येक जामिनाच्या वेळी कोर्टापुढं मांडते.

दुसऱ्या दिवशी दुरुस्ती करून घेतली आणि संध्याकाळच्या आत पोरगा बाहेर आला. आईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला, मग गाठ सोडून तीच नोटीस माझ्यापुढं धरली.

‘पुढची तारीख हितंच मागं लिवा. मराठीत लिवा, बाई.’