सर्पदंश, मोटारसायकल आणि पेट्रोलचे पैसे

अमेरिकेत एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) करत असताना विद्यापीठातल्या ‘ग्लोबल हेल्थ केस कॉम्पिटिशन’मध्ये उतरले. अटलांटाच्या एमरी विद्यापीठात अशी मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरते, आमची त्याच धर्तीवरची, छोटी. संघात वेगवेगळ्या शाखांचे विद्यार्थी हवेत. केस हातात पडली की काही दिवसांत योजना आखायची आणि परीक्षकांपुढे बजेटसकट मांडायची.

आमची केस होती नेपाळच्या तराईतला, म्हणजे दक्षिणेकडच्या सखल पट्ट्यातला सर्पदंश. जगात दरवर्षी ८१ हजार ते १ लाख ३८ हजार माणसं सर्पदंशाने जातात आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये तो दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातला, हे ऐकून एमबीएवाला चाटच पडला. मी रायगडची, मला मण्यार नवी नव्हती. रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, फारसं दुखतही नाही, आणि पहाटे पापण्या मिटायला लागतात.

पुढे श्वास बंद पडतो. तिथे प्रतिविषाइतकीच गरज श्वास चालू ठेवण्याची. नर्सिंगच्या मैत्रिणीने प्रात्यक्षिकाच्या खोलीतून अँब्यू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) आणली आणि दर पाच-सहा सेकंदांनी दाबायला लावली. थोड्याच वेळात इंजिनिअरची बोटं आखडली. दवाखाना लांब असेल तर हे तासन् तास कोण करणार? तिथेच ॲपची कल्पना बारगळली. (ॲप प्रत्येक संघाला सुचतंच.)

मग दमकचा अभ्यास सापडला. पूर्व नेपाळमधल्या या गावाच्या परिसरात स्वयंसेवक मोटारसायकलवरून रुग्णाला तडक उपचार केंद्रात पोचवत. रुग्ण मधे, मागे धरणारा एकजण. तिथे साप चावलेल्यांमधलं मृत्यूचं प्रमाण १०.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आलं. मोटारसायकली, जमिनीवर झोपणाऱ्यांसाठी मच्छरदाण्या आणि केंद्रातल्या कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण, एवढंच आमच्या योजनेत ठेवलं. बजेटवर मात्र रात्रभर वाद. कायद्यावाल्याला अपघात झाल्यास जबाबदारी कोणाची हे लिहायचं होतं. मला ते फाटे वाटत होते.

परीक्षकांनी साप बाजूलाच ठेवले. “अनुदान संपल्यावर पेट्रोल कोण भरणार?” हा पहिला प्रश्न. एमबीएवाल्याने स्थानिक पालिकेचं नाव घेतलं. दुसरा प्रश्न अपघाताचा. कायद्यावाला माझ्याकडे बघून हसला आणि तयार स्लाइड उघडली.

आमचा दुसरा नंबर आला. पहिल्या संघाने पेट्रोलचा हिशेब आधीच मांडला होता.