महाराजांनी पैसे घ्यावेत का?

गावच्या हरिनाम सप्ताहाचा जमाखर्च माझ्याकडे असतो. त्यामुळे वर्गणीची पावती फाडताना कुणीतरी विचारतंच, ‘देवाचं नाव घ्यायला कीर्तनकार महाराजांना पैसे कशाला लागतात?’ आणि लगेच तुकोबांचा दाखला.

तुकोबा या बाबतीत फारच कडक आहेत. कीर्तन करायचं तिथं जेवायचं नाही, कपाळाला बुक्का लावून घ्यायचा नाही, गळ्यात माळ नाही, आपल्या तट्टाला-बैलाला दाणावैरणसुद्धा मागायची नाही. पण त्याच अभंगात शेवटी पैसे घेणाऱ्याबरोबर देणाराही नरकात जातो. ते कुणी सांगत नाही. म्हणजे आमची कमिटी आधीच रांगेत!

खरंच आहे ते. शेजारच्या गावानं यूट्यूबवर गाजलेले महाराज आणले की आम्हाला त्यांच्याहून मोठे हवेत. तारीख मिळावी म्हणून आकडा आम्हीच चढवतो आणि मग पारावर बसून म्हणतो, ‘महाराजांनी धंदा मांडलाय.’

माझं विचाराल तर बिदागी द्यावी. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीला कीर्तनकार घडवणारी वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथं पोरं फी न भरता, माधुकरी मागून शिकली. पण शिकून बाहेर पडलेल्याला संसार असतो, गाडीत डिझेल घालावं लागतं. मला खटकतं ते वेगळंच: ऐकणाऱ्याला दारात अडवणं. सप्ताहात ते होत नाही. वर्गणी ऐपतीप्रमाणे, आणि ज्यानं दमडी दिली नाही तोही विणेकऱ्याशेजारी बसतो. दीक्षेचे दर लावणारे, जास्त पैशाला पुढची खुर्ची देणारे, त्यांच्या वाटेला मी जात नाही.

इगतपुरीच्या विपश्यना केंद्रात याची चांगली तोड काढलीय. दहा दिवसांचं ध्यानाचं शिबिर, राहणं-जेवण धरून, फुकट; शिकवणाऱ्यालाही मानधन नाही. आणि शिबिर पुरं केल्याशिवाय तुमच्याकडून दान घेतच नाहीत. तुमचा खर्च आधी येऊन गेलेल्यानं केलेला असतो, तुम्ही द्याल ते पुढच्यासाठी. सप्ताहाला हे जमेल का? अवघड आहे, मंडपवाला आगाऊ मागतो.

आम्ही एवढंच केलंय, की काल्याच्या दिवशी पहिलं पाकीट मृदंगाचार्यांचं निघतं. रोज रात्री कीर्तन संपेपर्यंत त्या माणसाचे हात चालू असतात, आणि बॅनरवर त्याचा फोटोही नसतो.