खाली नाव घालू नका

डिसेंबर २०२० मधल्या ग्रामपंचायत निवडणुका. कर्नाटकात २२ आणि २७ तारखेला, दोन टप्प्यांत मतदान होतं. खानापूर भागातल्या आमच्या प्रेसमध्ये त्या पंधरवड्यात लग्नपत्रिका बाजूला पडल्या होत्या, सगळी प्रचारपत्रकं. मी डीटीपी करते, म्हणजे संगणकावर मजकूर टाइप करून पान लावते. मराठी मजकूर श्रीलिपी सॉफ्टवेअरमध्ये, कन्नड नुडीमध्ये, पत्रकाच्या एका बाजूला हे आणि दुसऱ्या बाजूला ते. मराठी बाजूवर खाली ‘जि. बेळगाव’ येतं, कन्नड बाजूवर ‘बेळगावी’. त्यावरून कुणी भांडत नाही, दोन्ही बाजूंचे मतदार लागतात.

त्या दिवशी सकाळी पहिलं गिऱ्हाईक म्हणजे मलप्रभेकाठच्या एका गावातल्या वैनी, महिला बचत गटाच्या प्रमुख. आमच्याकडे एका वॉर्डात दोन-तीन-चार जागा असतात आणि मतदाराला जागा असतील तितकी मतं देता येतात. या वॉर्डात तीन जागा होत्या. एक अनुसूचित जातीसाठी, एक महिलांसाठी, एक सामान्य. वैनींनी अर्ज भरला होता सामान्य जागेवर. सगळी कुरकुर इथूनच सुरू झाली होती. कर्नाटकानं १९८३ च्या कायद्यात बायकांना २५ टक्के जागा दिल्या आणि २०१० पासून निम्म्या दिल्या, त्यामुळे राखीव जागेवर बाई उभारली तर आता कुणी मान वळवूनही बघत नाही. पण सामान्य जागेवर उभारली की “बायकांची जागा पलीकडं हाय की हो” असं ऐकावं लागतं. सामान्य म्हणजे पुरुषांची, असं कायद्यात कुठंही नाही. खुद्द खानापूर, बेळगाव ग्रामीण आणि निपाणी या तीन मतदारसंघांतून २०१८ ला विधानसभेवर महिला निवडून गेल्या होत्या. त्यातली एकही जागा महिलांसाठी राखीव नव्हती, कारण विधानसभेला तसं आरक्षणच नव्हतं.

वैनींबरोबर त्यांचे दीर आले होते, कच्चा मजकूर त्यांच्या खिशात. वर मधोमध वैनींच्या नवऱ्याचा फोटो, डावीकडे सासऱ्यांचा, खाली कोपऱ्यात वैनी. हा साचा आमच्याकडे इतक्या वेळा येतो की फाइल तयारच असते. पुरुषाच्या पत्रकात फोटो एक, चिन्ह एक आणि खाली कामांची यादी. बाईच्या पत्रकात फोटो तीन ते पाच, आणि मजकूर सुरू होतो ‘यांच्या सुविद्य पत्नी’पासून. डेमी एक-अष्टमांश कागद, म्हणजे साधारण साडेआठ बाय साडेपाच इंच. त्यात पाच चेहरे बसवले की चिन्हाला जेमतेम एक इंच उरतो. मतपत्रिकेवर शिक्का मारायचा असतो चिन्हासमोर, दिरांच्या फोटोसमोर नव्हे. एवढंच सांगितलं, आणि दीर गप्प झाले. बायका-पुरुष वगैरे बोलले असते तर वाद झाला असता, इंचांवर वाद होत नाही.

फोटोचा घोळ वेगळाच. लग्नातला फोटो व्हॉट्सअॅपवरून आला होता, पन्नास-साठ केबीचा. फ्लेक्सवर तो चेहरा चिखलासारखा दिसला असता. मूळ फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवला, तर त्यात वैनी हसत होत्या. दीर म्हणाले, हसरा नको. पुरुषाचा हसरा फोटो मनमिळाऊ आणि बाईचा थिल्लर, हे गणित मला कधी सुटलं नाही. शेवटी ठरला ओळखपत्रासाठी काढलेला फोटो, डोक्यावर पदर घेतलेला.

नावाचं मात्र खरंच जपावं लागतं. गावात सगळे ‘वैनी’ म्हणतात, माहेरचं नाव वेगळं आणि मतदारयादीत तिसरंच. मतपत्रिकेवर उमेदवारी अर्जातलं नाव येतं. पत्रकावर लाडाचं नाव मोठं छापलं तर म्हातारी माणसं केंद्रात जाऊन शोधत बसतात. म्हणून अर्जातलं नाव २८ पॉइंटमध्ये, ‘वैनी’ कंसात १४ मध्ये. आणि एक गंमत. आमच्याकडच्या बायका ‘मी करतो, मी जातो’ म्हणतात. मी सवयीनं ‘पाण्याचा प्रश्न सोडवते’ असं छापील मराठी केलं, तर वैनी म्हणाल्या, “अगं, असं मी कुठं बोलतो? लोकं म्हणतील पुण्याची बाई आली.” त्या वेळी ‘सोडवते’ तसंच ठेवलं.

संध्याकाळी सहाला त्याच वॉर्डातल्या सामान्य जागेच्या दुसऱ्या उमेदवाराचा माणूस आला. नेहमीचं गिऱ्हाईक, आदल्याच दिवशी त्यांची हजार पत्रकं झाली होती. हातात वहीचं पान. “अक्का, अर्जंट हाय बघा. पाचशे. खाली नाव-गाव काय घालू नका.”

इथंच थांबायला हवं होतं. लोकप्रतिनिधी कायद्याच्या १२७अ कलमानुसार निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक दोघांची नावं-पत्ते लागतात. प्रकाशक कोण याचं घोषणापत्र दोन प्रतींत घ्यायचं, त्यावर प्रकाशकाची सही आणि त्याला ओळखणाऱ्या दोघांच्या साक्षी. मग एक प्रत छापील पत्रकासह जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवायची. चुकलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हाताने नक्कल करणं सोडून प्रती काढायची कुठलीही रीत ‘छपाई’च धरली जाते, म्हणजे झेरॉक्सवालासुद्धा सुटत नाही. कलम लोकसभा-विधानसभेसाठी लिहिलेलं असलं तरी आमच्याकडे शिस्त सगळ्या निवडणुकांना तीच: घोषणापत्राआधी अक्षरसुद्धा टाइप करायचं नाही. पण प्रेसचे मालक कागद आणायला बेळगावला गेलेले, माणूस ओळखीचा. मी बसले.

पानावर वैनींचं नाव नव्हतं, असली पत्रकं तशीच असतात. वर ‘मतदारांनो, विचारा’ आणि खाली प्रश्न. रात्री नऊ-नऊपर्यंत घराबाहेर कसलं काम असतं? घरात भाकरी कोण थापतं? शाळेत जाणाऱ्या लेकरांकडं कोण बघतं? परक्या घरांत ऊठबस कशासाठी? सातवीतला पोरगा गणितात नापास का? रस्ता, पाणी, गटार यांतलं एकही अक्षर नाही. बचत गटाच्या हिशोबावर बोट ठेवलं असतं तर ती टीका झाली असती, वैनींना उत्तरही देता आलं असतं. भाकरीचं काय उत्तर देणार?

घाईत मी आदल्या दिवशीची फाइल उघडून ‘सेव्ह अॅज’ केली आणि मजकूर आत ओतला. डीटीपीत नेहमी होते ती चूक झाली: वरची पट्टी काढायची राहिली. प्रूफ काढून काउंटरवर ठेवलं. वर त्यांच्याच उमेदवाराचा हसरा फोटो, त्याखाली ‘श्री.’ लावून ठळक नाव, आणि लगेच ‘रात्री नऊ-नऊपर्यंत घराबाहेर कसलं काम असतं?’

बरोबरच्या पोरानं मोठ्यानं वाचलं आणि तो हसतच सुटला. “अण्णा, हे तर आपल्याच माणसाचं की! नऊ कशाला, अकरा म्हणा.” भाकरीच्या प्रश्नावर त्याला ठसका लागला. अण्णाही आधी हसले. मग पान हातात धरून बराच वेळ बघत राहिले. एकही ओळ खोटी ठरत नव्हती. सातवीतला पोरगासुद्धा जुळत होता, हे पुढं कळलं.

मी घोषणापत्राचे दोन कागद पुढे केले. प्रकाशक म्हणून सही तुमची की उमेदवाराची? साक्षीदार कोण? उमेदवाराच्या खाजगी वागणुकीबद्दल खोटं विधान छापलं तर तेव्हाच्या दंडसंहितेत १७१जी कलम होतं, तेही सांगितलं. अण्णांनी वहीचं पान घडी करून खिशात घातलं. प्रूफ मी परत मागून घेतलं. प्रूफ बाहेर जाऊ देणं हा छापखान्यातला सगळ्यात मोठा मूर्खपणा, कारण मोबाइलवर त्याचा फोटो निघाला की तेच पत्रक होतं आणि आकार-फॉन्टवरून प्रेस ओळखू येते.

तरी दोन दिवसांनी तेच प्रश्न आवाजी निरोप होऊन फिरले. त्याला ना मुद्रक, ना प्रकाशक.

तिसऱ्या दिवशी वैनी एकट्या आल्या, दीर नव्हते. तीनशे पत्रकं आणखी हवी होती, फोटो एकच, त्यांचा. मजकुरात एक ओळ वाढवायची होती. गावच्या टाकीची मोटर लाइटच्या वेळेनुसार रात्री सुरू होते, आणि वरच्या गल्लीला पाणी चढतंय की नाही हे बघायला त्या वर्षभर तिथं थांबत होत्या. त्यांनी सांगितलं तसंच टाइप केलं: ‘रात्री नऊला मी टाकीजवळ असतो, पाणी आलं नाही तर तिथं या.’

“असतो का असते?” मी विचारलं.

“असतो,” वैनी म्हणाल्या आणि घोषणापत्रावर सही केली. साक्षीदार म्हणून गटातल्या दोघी आल्या होत्या. एकीनं कन्नडमध्ये सही केली, दुसरी मराठीत सावकाश अक्षर लावत होती, तोवर मी मशीनला कागद लावला.