पिवळं किट

ठाण्यात सुरक्षा क्लिनिकला, म्हणजे सरकारी गुप्तरोग दवाखान्यात, काउन्सेलर आहे मी. लोकांना वाटतं आम्ही फक्त एचआयव्हीचंच बोलतो, पण अर्धा दिवस रंगीत किटांतच जातो, म्हणजे तक्रारीनुसार रंग ठरवलेली औषधांची पाकिटं. पिवळं म्हणजे सहा नंबर, गर्भाशय-नळ्यांच्या इन्फेक्शनने ओटीपोटात दुखणाऱ्या बायकांसाठी: सेफिक्झिम ४०० ची एकच गोळी, मग डॉक्सीसायक्लिन १०० आणि मेट्रोनिडाझोल ४०० दिवसातून दोनदा, पूर्ण १४ दिवस.

ती कळव्याहून आलेली. आधी दोन डॉक्टर झाले, एकाने लघवीचं इन्फेक्शन म्हटलं, दुसऱ्याने नुसती पेनकिलर. आमच्या डॉक्टर मॅडमनी आधी यूपीटी, म्हणजे लघवीवरून गरोदरपणाची तपासणी, करून घेतली, निगेटिव्ह, मग आतून तपासलं, गर्भाशयाचं तोंड जरा हलवलं तशी ती टेबलावरच कळवळली. दोन मिनिटांची तपासणी, पण करतंय कोण!

पिवळं किट दिलं, मी सगळं सांगितलं. दुखायचं थांबलं तरी गोळ्या सोडू नकोस, जेवणानंतर घे, नवऱ्याला पाठव, तिसऱ्या दिवशी दाखवायला ये. आदल्याच दिवशी घट बसले होते आणि ती अनवाणी होती. मी बघितलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

तिसऱ्या दिवशी आली नाही. फोन सासूने उचलला, कुठून बोलतेय हे सांगता येत नाही, म्हणून ठेवून दिला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ती थेट कॅज्युअल्टीत, ताप १०३, सोनोग्राफीत डावी नळी आणि अंडाशय मिळून ८ सेंमीची पुवाची गाठ. शिरेतून अँटिबायोटिक लावलं, पण एवढ्या मोठ्या गाठीला ते अनेकदा पुरत नाही, शेवटी दुर्बिणीने पू काढला.

सासू म्हणे, तांबीमुळे झालं. तांबी दोन वर्षांपूर्वीची, तिचा धोका मुख्यतः बसवल्यावर पहिले तीन आठवडे! वॉर्डातल्या सिस्टरांनी नवऱ्यालाच गुन्हेगार ठरवलं. खरंतर दरवेळी जंतू बाहेरूनच येतात असं नाही, योनीतलेच वर चढतात कधीकधी. तो बिचारा गुपचूप येऊन औषध घेऊन गेला, असे नवरे आम्हाला फार मिळत नाहीत.

मी विचारलं, गोळ्यांचं काय झालं गं? म्हणाली, "ताई, तुम्ही जेवणानंतर म्हणालात, मी नऊ दिवस जेवतच नव्हते ना." चहावर घेतल्या, उलट्या झाल्या, चौथ्या दिवशी दुखणंही कमी झालं, मग पाकीट साड्यांखाली गेलं.

डिस्चार्जला परत तोंडाने गोळ्या सुरू. या वेळी आधी विचारलं, आता कुठला उपवास आहे?

"परवा संकष्टी."