जायलो, म्हणजे आय ॲम गोइंग

आमच्या परभणीकडच्या गावात इंग्रजी पाचवीला सुरू होत असे. ती पहिलीपासून शिकवायला २००० साली सुरुवात झाली, तेव्हा आमची पिढी शाळेबाहेर पडली होती. मुळाक्षरे आणि 'धिस इज अ' ओलांडून आम्ही एके दिवशी चालू वर्तमानकाळापाशी पोहोचलो. मराठीच्या तासाला ज्याला अपूर्ण म्हणायचे, तोच इंग्रजीच्या तासाला चालू होई, आणि 'चालू' हा शब्द आमच्याकडे माणसाच्या स्वभावाबद्दलही वापरला जात असल्याने या काळाकडे आम्ही पहिल्यापासून जरा संशयानेच पाहिले.

गुरुजींनी फळ्यावर लिहिले, 'मी जात आहे – आय ॲम गोइंग.' वर्गात कोणाच्याच चेहऱ्यावर काही उमटले नाही, कारण 'मी जात आहे' हे वाक्य आमच्यापैकी कोणी कधी उच्चारलेलेच नव्हते. तसे बोलणारी माणसे पाठ्यपुस्तकात आणि आकाशवाणीवर असत. शेवटच्या रांगेतल्या एकाने धीर करून विचारले, "गुरुजी, म्हंजे जायलो का?" सगळा वर्ग हसला. गुरुजी म्हणाले, "जायलो नाही, जात आहे. शुद्ध बोलावं." त्या दिवशीचे सर्वांत नेमके भाषांतर त्या मुलानेच केले होते, असे मला आज वाटते.

मराठवाड्यात कोणी 'काय करायलास?' विचारले की 'जेवायलो' किंवा 'पाणी भरायले' असे उत्तर मिळते, आणि लातूरकडे गेले की तेच 'करू लालास', 'येऊ लालो' होते. त्यात माझ्या कानाला तरी 'लागणे' हे क्रियापद ऐकू येते, म्हणजे हातात घेतलेले आणि अजून न संपलेले काम. पुण्याचा पाहुणा मात्र 'अण्णा जेवायलेत' ऐकून गोंधळतो, कारण जेवण चालू आहे की उरकले, हे त्याला उमगत नाही. रोजचे ते 'लिहितो' आणि या घडीचे ते 'लिहायलो' हा भेद आमच्याकडचे शेंबडे पोरही चुकत नाही, आणि 'आय राइट' व 'आय ॲम रायटिंग' यांतला भेदही मुळात तोच आहे.

फरक आहे तो बांधणीत. आमचे क्रियापद कर्ता कोण आणि स्त्री की पुरुष, हे सगळे आपल्या शेपटीत सांभाळते. इंग्रजीने कर्त्याची दखल पुढच्या ॲम, इज, आर यांच्याकडे सोपवली आणि मागचे 'आयएनजी' सर्वांना सारखेच ठेवले. प्रश्न विचारताना आम्ही फक्त सूर चढवतो, फार तर 'का' जोडतो. इंग्रजीत तो 'आर' उडी मारून कर्त्याच्या पुढे येतो, आणि ती उडी विसरल्यामुळे 'व्हॉट यू आर डूइंग?' असा प्रश्न आमच्याकडे शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडीही ऐकू येतो. 'राइट'मधला शेवटचा ई गळतो आणि 'रन'मधला एन दुप्पट होतो, हे स्पेलिंगचे प्रकरण पाठांतराने निभावते.

खरी पंचाईत माझ्या भाच्याने पुढे आणली. तो म्हणाला, "मामा, आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स." 'मला दोन भाऊ आहेत' यातल्या 'आहेत'ने त्याला फसवले होते. मी त्याला विचारले, "मला दोन भाऊ असायलेत, असं म्हणतोस का कधी?" तो खो खो हसला आणि 'आय हॅव' लिहून मोकळा झाला. मग मी 'आय ॲम हॅविंग लंच' सांगितले, तेव्हा त्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "ते चालतंय, जेवायलो." गुरुजींनी हसण्यावारी नेलेली कसोटी इतकी कामाची निघाली, याचा मला आनंद झाला, पण तो फार टिकला नाही. 'मला समजायलंय' असे आम्ही खुशाल म्हणतो, पण इंग्रजीला 'आय ॲम अंडरस्टँडिंग' सहसा मानवत नाही, कारण समजणे, माहीत असणे, हवे असणे या गोष्टींना ती चालू असलेले काम मानत नाही, स्थिती मानते. तिथे आमची बोली उपयोगी पडत नाही, हे कबूल करावे लागले. उद्याच्या ठरलेल्या बेताला मात्र ती पुन्हा मदतीला येते. तिकीट खिशात असलेला माणूस 'उद्या नांदेडला जायलो' म्हणतो आणि इंग्रजही तिथे 'आय ॲम गोइंग टुमॉरो' असेच म्हणतो.

मागच्या महिन्यात भाच्याला घेऊन मी स्टेशनवर बसलो होतो. गाडी दीड तास 'रनिंग लेट' असल्याची घोषणा झाली आणि पाठोपाठ मराठीत 'उशिराने धावत आहे' असेही सांगितले गेले. भाचा म्हणाला, "मामा, गाडी कुठंतरी थांबली असंल, मग रनिंग कशी?" हा काळ बोलण्याच्या क्षणापुरताच नसतो, सध्या चाललेल्या गोष्टीलाही तो चालतो, असे मी समजावू लागलो. शेजारी गाठोड्यावर बसलेल्या म्हातारीला घोषणा नीट ऐकू आली नव्हती. तिने विचारले, "काय म्हनायलेत, बाबा?"

माझ्याआधी भाच्यानेच सांगितले, "यायली म्हनायलेत, आजी. पन दीड तासानं."